कोऱ्या विहिरीला जुनी माळ

विहिरीतले मासे आभाळातून पडतात, असं मला माझ्या वडिलांनी सांगितलं होतं आणि ते साफ चूक होतं. बाबा खोटं बोलणारे नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटायचं. पण त्यांना एखादी गोष्ट वाटली की ती झालीच खरी, आणि डहाणूच्या आमच्या वाडीत त्यांच्यापुढे तोंड उघडायची कोणाची छाती नव्हती. माझी होती. मी तेव्हा अकरा वर्षांची. "मग आपल्या डोक्यावर कधी कसे पडत नाहीत?" असं मी विचारलं आणि थोबाडीत खाल्ली. गाल दोन तास चुरचुरत होता. उत्तर काही मिळालं नाही.

मासा कोणता ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला मरळ-शिंगटीतलं काहीतरी वाटायचं. हा जेमतेम बोटभर लांब. खायला त्याला कोणी विचारत नाही. चपटं डोकं, वर वळलेलं तोंड आणि डोक्याच्या बरोबर मधोमध एक चकचकीत पांढरा ठिपका. त्या ठिपक्यावरून आमच्या वाडीत त्याला टिकली म्हणत. शहाण्या लोकांनी त्याला लांबलचक नाव ठेवलं असेल, ते त्यांना लखलाभ. विहिरीत वाकून बघितलं तर आधी मासा दिसतच नाही, नुसते ठिपके दिसतात. मग डोळा सरावतो आणि अंग दिसायला लागतं. नराच्या कुशीवर सोनेरी बारीक दाण्यांच्या ओळी. मादीच्या अंगावर काळपट उभे पट्टे, आणि पाठीवरच्या पराच्या बुडाशी एक काळा डाग. तळाला जाणं टिकलीला आवडत नाही. दिवसभर वरच्या दोन बोटं पाण्यात, काठाचा दगड धरून, तोंड वर करून उभी. मुंगी पडली, गट्टम. डासाची अळी श्वासाला वर आली, गट्टम. एखादं चिलट पाण्यालगत उडताना दिसलं तर वीतभर उडीसुद्धा मारते. आणि तुमची सावली पाण्यावर पडली की गायब! शाळेतून आले की मी दप्तर फेकून विहिरीच्या काठावर पालथी पडायची. आई ओरडायची, "पडशील एक दिवस आत, मग बस टिकल्या मोजत."

विहिरीवर रहाट होता. बैल गोल फिरत, लाकडी चाक करकरत फिरे आणि चाकावरची माळ पाणी वर आणी. माळ म्हणजे काथ्याच्या जाड दोरांची लांबच लांब शिडी, तिला ओळीने मातीचे लोटे बांधलेले. लोटा खाली जाऊन भरायचा, वर येऊन पन्हळीत ओतायचा. रहाट हाकायला गंजाडचे एक वारली गृहस्थ होते, वयाने बाबांपेक्षा बरेच मोठे. बाबा त्यांना 'अरे' म्हणत. आम्ही मुलं काका म्हणायचो, आणि ते मला बाय म्हणत. माळ वळायची, तुटली की सांधायची, फुटलेले लोटे बदलायचे, सगळं त्यांच्याच हातचं.

त्या वर्षी, त्रेपन्न किंवा चोपन्न असेल, बाबांनी चिकूच्या नव्या कलमांसाठी वाडीच्या खालच्या अंगाला दुसरी विहीर खणली. पाणी चांगलं लागलं. नवा रहाट आला, नवी कोरी माळ आली. काका माळेकडे बघत उभे राहिले.

"शेट, कोऱ्या विहिरीला कोरी माळ नाय घालत. पयली जुनी घाला. महिन्याने ही चढवू."

"का?"

"नाय घालत."

"अरे, पण का?"

"आमचा बा नाय घालत होता."

बाबा मोठ्याने हसले. "झालं! बाप घालत नव्हता म्हणून मुलगा घालत नाही." नवी माळ चढली. महिना झाला तरी नव्या विहिरीत एक टिकली नाही, आणि पाणी अळ्यांनी नुसतं वळवळत होतं. तिन्हीसांजेला त्या बाजूला उभं राहवत नसे. "पावसाबरोबर पडतील मासे," बाबा म्हणाले. ती थोबाडीत मी याच वेळी खाल्ली.

थोबाडीत खाऊन गप्प बसणाऱ्यातली मी नव्हे. मी जुन्या विहिरीवर गेले. रहाट सकाळी दोन-तीन तास चाले, बाकी दिवस माळ पाण्यात लोंबत राही आणि टिकलीच्या माद्या तिच्याच भोवती घुटमळत. का घुटमळतात? पन्हळीपाशी आलेली ओली माळ मी हाताने चाचपली. काथ्याच्या केसांत, शेवाळाच्या बुळबुळीत, राईच्या दाण्याएवढे काचेचे मणी! ओढले तर सुटेनात. प्रत्येकाला बारीक चिवट धागा, आणि तो धागा काथ्यात गुंतलेला.

मी मूठभर काथ्या तोडला, घरात गेले, आईच्या मुरंब्याची काचेची बरणी रिकामी केली (मुरंबा एका पातेल्यात ओतला, फेकला नाही, एवढं लक्षात घ्या) आणि विहिरीचं पाणी भरून त्यात काथ्या टाकला. आईने जो काय आकांत मांडला! "माशाची अंडी? मुरंब्याच्या बरणीत? अगं कार्टे, ही बरणी माझ्या आईने दिलेली!" मी बरणी पोटाशी धरून गोठ्यामागे जाऊन बसले.

पाचव्या-सहाव्या दिवशी मण्यांत दोन-दोन काळे टिंब दिसायला लागले. ते डोळे होते. बाराव्या दिवशी डोळे हलायला लागले. तेराव्या दिवशी सकाळी बरणीत सात पोरं, केसाएवढी, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ठिपका. मी बरणी घेऊन धावत सुटले ती बाबांच्या पानासमोरच.

बाबांनी बरणी उजेडात धरली, बराच वेळ बघितली. म्हणाले, "पावसाचं पाणी घेतलं असशील."

"वैशाखात?"

दुसरी थोबाडीत. आई तेवढ्यातही म्हणालीच, "सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही हिचा."

त्याच आठवड्यात एक मोठी टिकली लोट्यातून पन्हळीत आली. मी आनंदाने तिला बरणीत सोडली, म्हटलं पोरांना आई मिळेल. त्या आईने एका दमात चार पोरं गिळली. मी खूप रडले. नंतर कळलं की टिकलीचं असंच असतं. ती अंडी टांगते आणि विसरते. पोरं समोर आली तर ती तिच्या लेखी अळ्याच. काथ्याच्या केसांत लपून राहिली ती वाचतात. आईबापांपासून दूर गेलेली पोरं जास्त जगतात, असं म्हणायला बरं वाटत नाही, पण टिकलीच्या बाबतीत ते खरं आहे.

मी काकांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "असं काय?" आणि दुसऱ्या दिवशी जुन्या माळेचा हातभर तुकडा त्यांनी नव्या विहिरीत गुपचूप टांगला. गणपतीच्या सुमारास नव्या विहिरीत ठिपकेच ठिपके. बाबा आल्यागेल्याला विहिरीवर नेऊन दाखवायचे, "बघा, पडले की नाही पावसाबरोबर?" काका शेजारी उभे असत आणि खाली बघून बैलाची वेसण नीट करत. माझा तिळपापड व्हायचा.

पुढे शिकले, आणि साठ-एकसष्टच्या सुमारास तलासरीच्या पलीकडे, झरीच्या शाळेत मास्तरीण झाले. बाबा म्हणाले, "वाडीतली मुलगी पाड्यावर जाऊन एकटी राहणार?" मी म्हटलं, "हो, राहणार." ट्रंक उचलली आणि निघाले. शाळेमागे एक खोली होती, ती मला पुरली.

झरीला जुनी विहीर एकही नव्हती. लोक ओहोळाच्या वाळूत खड्डा करून त्यात झिरपणारं पाणी वाटीवाटीने भरत. उन्हाळ्यात तेही अर्ध्या कोसावर, गढूळ, आणि त्याच खड्ड्याला गुरंही तोंड लावत. जुलाबांनी दर वर्षी एखाददुसरं पोर जायचंच. मी गेले त्याच्या आदल्या वर्षी शाळेजवळ पहिली विहीर झाली होती, दगडाने बांधलेली, पोहऱ्याने पाणी काढायची. पाड्यावरच्या बायका त्या विहिरीच्या काठावरून हात फिरवायच्या, इतकं तिचं अप्रूप. जुलाब थांबले होते. पण विहीर कोरी होती. तिच्यात अळ्या होत्या, आणि माझ्या शाळेत निम्मी मुलं दुपारची हुडहुडत घरी जात. हिवताप.

एका सकाळी हिवतापाचे साहेब आले. पांढऱ्या वाडग्याने त्यांनी पाणी काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. वळवळ, वळवळ.

"बाई, ही विहीर बंद. अळ्या मारायला दर आठवड्याला हिच्यात तेल ओतायचं."

"आणि लोकांनी प्यायचं काय?"

"आधी काय पीत होते?"

या एका वाक्याने माझं डोकं फिरलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, उन्हातान्हात सायकल मारत पाडे फिरत होते. पण 'आधी काय पीत होते' असं पाड्यावरच्या बायकांच्या समोर, हातात वाडगं धरून, कोणी विचारतं का? मी म्हटलं, "साहेब, एक महिना द्या. तेलाचा थेंब न घालता अळ्या घालवते."

"कशा?"

"ते माझं मी बघीन."

ते हसले. "महिन्याने येतो. अळ्या दिसल्या तर तेल, आणि कामात अडथळा आणला म्हणून तुमच्यावर रिपोर्ट. नोकरी नवी आहे ना?"

"नवी आहे. खुशाल करा रिपोर्ट."

ते गेल्यावर मात्र मी हिशोब केला. नोकरी गेली असती तर मी वाडीत परत जाऊन चिकू सोलले असते; पण विहीर गेली असती तर या बायका परत त्या खड्ड्याशी वाटी घेऊन बसल्या असत्या. आणि शब्द मी देऊन बसले होते.

रविवारी डहाणूला गेले. घरी बघते तर रहाट नाही! बाबांनी इंजिन घेतलं होतं आणि ते विहिरीच्या आतल्या बाजूला, पाण्यापासून थोडं वर, दगडी टप्प्यावर बसवलं होतं. भकभक करत ते पाणी उपसत होतं. काका गंजाडला घरी गेले होते. रहाटच नाही तर रहाट हाकणारा कशाला? मी पाण्यात वाकून बघितलं. एका कोपऱ्यात पाण्यावर मोरपिशी रंगाचा तवंग, आणि सगळ्या टिकल्या समोरच्या कोपऱ्यात दाटलेल्या.

"बाबा, पाण्यावर तेल येतंय."

"यंत्र म्हटलं की थोडं तेल यायचंच."

"टिकल्या मरतील."

"तू शाळेत शिकव. इथे मला शिकवू नकोस."

मी आणि आईने (हो, मुरंब्यावाल्या आईनेच) जुनं लुगडं पाण्यात सोडून पंधरा टिकल्या धरल्या. कळशीत घातल्या. उडी मारतात म्हणून कळशीचं तोंड मी फडक्याने घट्ट बांधलं, वर ताटली ठेवून पुन्हा बांधलं. एस.टी.त बसले. महालक्ष्मीच्या जत्रेचे दिवस, गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. कळशी मांडीवर, वरून ऊन, आजूबाजूला माणसं, कोंबडे, नारळ. विवळवेढ्याला, जत्रेच्या जागी, गाडी रिकामी व्हायला लागली तेव्हा मी फडकं सोडलं. पंधराच्या पंधरा उलट्या तरंगत होत्या.

चूक माझीच. वरच्या पाण्यात हवेशी राहणारा मासा, आणि मी त्याच्या तोंडावर ताटली बांधली. वर तापलेली कळशी. मी जत्रेत रस्त्याच्या कडेला बसून घळाघळा रडले. एक बाई थांबली, म्हणाली, "पोर हरवलं काय गं?" मी म्हटलं, "नाही, मासे मेले." तिने माझ्याकडे एकदा, कळशीकडे एकदा बघितलं आणि नारळ घेऊन पुढे गेली.

तिथूनच उलटी गाडी धरून मी गंजाडला उतरले. काका अंगणात होते. मी सगळं सांगितलं, विहीर, साहेब, तेल, कळशी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मासे न्यायला कोणी सांगलं, बाय? माळ नेतात."

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. बरणीत अंडी उबवणारी मी, थोबाडीत खाणारी मी, आणि ऐन वेळी मीच ते विसरले! चार बुकं शिकल्यावर माणूस मासा न्यायचा तर मासाच उचलतो. काका हसले नाहीत. उठून त्यांनी परसातल्या भोपळ्याच्या वेलाखालून काथ्याचा एक मळका, काळा दोर ओढून काढला. आमच्याच रहाटाची टाकून दिलेली माळ होती ती. त्यांनी घरी आणून तिचा मांडव केला होता.

"बाजारातून नवा काथ्या घेऊ या का?" मी विचारलं.

"नवा लाल पाणी सोडतो. त्याच्याजवळ मासा येत नाय. जुना बरा, त्याला शेवाळ धरतं."

मला सोमवारी शाळा होती. काकाच डहाणूला गेले. नंतर त्यांनी सांगितलं, की बाबा विहिरीवरच उभे होते. "काय रे, कशाला आलास?" "बायने धाडलंय. माळ टांगायची आहे." बाबांनी म्हणे आधी इंजिनाकडे बघितलं. मग म्हणाले, "टांग. इंजिनात अडकली तर मला सांगू नकोस." तवंग नव्हता त्या कोपऱ्यात काकांनी माळ सोडली आणि आठ दिवस आमच्या पडवीत राहिले. आईने त्यांना जेवायला वाढलं.

नवव्या दिवशी ते झरीला आले. ओल्या गोणपाटात, केळीच्या पानांत गुंडाळलेली माळ गाडीत मांडीवर घेऊन, दर थांब्याला तिच्यावर पाणी शिंपडत. मी पानं उघडली, काथ्या उजेडाला धरला. मणीच मणी. काही कोरे, काहींत डोळे आलेले. काकांनी स्वतः विहिरीत उतरून, काठाच्या सावलीच्या बाजूला माळ बांधली आणि बायकांना सांगितलं, की या अंगाला पोहरा टाकू नका. पाड्यावरची एक म्हातारी त्यांच्याकडे बघत होती. ती म्हणाली, "कोऱ्या विहिरीला जुनी माळ, असं आमच्यातही जुनी माणसं बोलायची. पण इथे विहीरच नव्हती, तर माळ कुठली?"

मग वाट बघणं. साहेब जाऊन तेरा दिवस झाले होते, सतरा उरले होते. मी रोज शाळेआधी, मधल्या सुट्टीत, शाळेनंतर विहिरीत वाकायची. दिसायच्या त्या अळ्याच. दुसरीतली एक मुलगी तापाने आठवडाभर आली नाही. मला वाटायला लागलं, की साहेबांचंच बरोबर, मी उगाच हट्टापायी मुलांना डासांच्या तोंडी देतेय. हे मी कोणाला बोलले नाही. आज बोलते. साहेब गेल्यापासून वीस-एकविसाव्या दिवशी मधल्या सुट्टीत तीच मुलगी, ताप उतरलेली, काठावरून किंचाळली, "बाई, पाण्यात डोळे आहेत!" डोळे नव्हते. ठिपके होते. आईबाप नव्हते तिथे गिळायला. रोज नवी पोरं सुटत होती.

बरोबर महिन्याने साहेब आले. मागे शिपाई, त्याच्या खांद्यावर तेलाचा डबा. पाड्यावरच्या बायका आधीच हंडे घेऊन काठावर ओळीने उभ्या होत्या, मी काही त्यांना बोलावलं नव्हतं. साहेबांनी वाडगं पाच वेळा बुडवलं.

"आहेत अळ्या."

"किती?"

"नऊ."

"गेल्या वेळी किती होत्या?"

"मोजण्यासारख्या नव्हत्या."

"आता नीट बघा. या नऊ सगळ्या मोठ्या. बारीक एक तरी आहे?" ते वाडग्यात बघत राहिले. "नाही. कारण बारीक अळ्या माशांची पोरं खातात. या नऊ म्हाताऱ्या त्यांच्या तोंडात मावत नाहीत, म्हणून राहिल्या. चार दिवसांत डास होऊन जातील. मागून येणारी एकही नाही."

त्यांनी सहाव्यांदा वाडगं बुडवलं, काठालगत. पांढऱ्या वाडग्यात नखाएवढी एक टिकली आली, डोक्यावर ठिपका. साहेब उकिडवे बसले. मग वाडगं अलगद पाण्यात टेकवून त्यांनी ती सोडली आणि शिपायाला म्हणाले, "डबा सावलीत ठेव रे."

बायका बोलायला लागल्या, हंडे वाजायला लागले. साहेबांनी वही काढून चार ओळी लिहिल्या. "पंधरा दिवसांनी पुन्हा बघीन. तोवर तेल नको. सही करा, बाई."

मी वाचलं. लिहिलं होतं, 'विहिरीत मासे आपोआप आलेले आढळले.'

आपोआप! माझ्या कानांत बाबांचा आवाज घुमला. "आपोआप नाही आले, साहेब."

"बाई, विहीर वाचली ना? सही करा आणि मोकळ्या व्हा."

"खोट्याखाली सही करणार नाही."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एका शब्दासाठी मी विहीर घालवतेय, असं त्यांना वाटलं असेल, आणि तसं झालंही असतं. पण काका समोर शाळेच्या पायरीवर बसले होते, त्या दिवशी ते मुद्दाम आले होते, आणि त्यांनी मान खाली घातली होती. बाबा पाहुण्यांना विहीर दाखवत तेव्हा घालत तशीच. ते मला सहन होईना.

"मग काय लिहू?" साहेब वैतागले.

"लिहा, गंजाडच्या रहाट हाकणाऱ्याने जुनी माळ टांगून मासे आणले."

"असलं रिपोर्टात बसत नाही."

"बसवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पायरीकडे बघितलं. लिहिलेली ओळ खोडली आणि मी म्हटलं ते शब्दाला शब्द लिहिलं. मी सही केली. पंधरा दिवसांनी ते आले तेव्हा वाडग्यात एकही अळी आली नाही. तेलाचा डबा त्यांनी आणलाच नव्हता.

त्या पावसाळ्यात आईचं पत्र आलं. आपल्या दोन्ही विहिरींत एक टिकली उरली नाही, इंजिन इकडून तिकडे फिरवतात, दोन्हीकडे तेल झालंय. डासांनी झोप नाही, तुझ्या बाबांना हिवताप येऊन गेला, पण बोलत काही नाहीत. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. मी उत्तर लिहिलं नाही.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी वर्गाच्या दारात बाबा उभे. झरीला ते पहिल्यांदाच येत होते. तापाने गालफडं बसलेली, हातात पिशवी. मुलांना बघून म्हणाले, "चालू दे तुझं. विहीर कुठे आहे?" मी मुलांना पाढे म्हणायला लावून मागे गेले. बाबांनी पिशवीतून जुन्या माळेचा तुकडा काढला होता. तो भोपळ्याच्या मांडवातलाच. मी गाठीवरून ओळखला. म्हणजे आधी गंजाडला उतरून आले होते.

"इंजिन वर काढलंय," पाण्याकडे बघत ते म्हणाले. "विहिरीच्या बाहेर. दोन वेळा गाळही उपसला."

ते गुडघे टेकून वाकले, काठावर पालथे झाले आणि सावलीच्या बाजूला दोर बांधायला लागले. खाली सगळ्या टिकल्या त्यांच्या सावलीने एकदम गायब झाल्या. डहाणूच्या दोन विहिरींत मेल्या, पण त्यांचीच ही पोरं होती.

गप्प राहायचं मी ठरवलं होतं. पण पीळ कुठला जातोय? "कशाला एवढी धावपळ, बाबा? पावसाबरोबर पडले असते की."

त्यांनी मान वर केली नाही. "सगळा पावसाळा वाट बघितली," ते म्हणाले. "एक नाही पडला." मग गाठ दोनदा ओढून बघितली. "काकांनी सांगितलंय, आठ दिवस हलवायची नाही."

नाही हलवली.